मनगटाचा फोटो आणि फॉस्फरसचा आकडा



जेवण किती वाजता आणि गाड्या कुठे लावायच्या एवढं सांगून स्वागताध्यक्षाने खाली बसावं, अशी रीत आहे. जेवण दीड वाजता, गाड्या मागच्या मैदानात. पण हाडांच्या चयापचयाच्या आजारांवरची परिषद नाशिकला भरते आहे आणि या विषयाचं या मुलुखाशी शंभर वर्षांचं नातं आहे. ते सांगितल्याशिवाय स्वागत पुरं व्हायचं नाही.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुडदूस कशाने होतो यावर युरोपात वाद पेटला होता. लंडनच्या एडवर्ड मेलॅन्बींनी 1919 मध्ये कुत्र्याच्या पिल्लांना निकृष्ट आहारावर ठेवून मुडदूस आणला आणि कॉडलिव्हर तेलाने तो रोखून दाखवला. म्हणजे दोष अन्नाचा. त्याच वर्षी बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कींनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. म्हणजे दोष अंधाराचा. या वादात 1922 साली हचिसन आणि शाह यांचा नाशिक भागातल्या पाहणीवरचा निबंध आला. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायकामुलांची हाडं मऊ पडत होती. शेतात राबणाऱ्या गरीब बायका त्यांच्याहून कितीतरी वाईट जेवत, पण त्यांच्या घरी हा आजार दिसत नव्हता. लोणी-दूध माजघरात पोहोचत होतं, ऊन पोहोचत नव्हतं. पुढे कळलं की मेलॅन्बी आणि हुल्डशिन्स्की दोघेही बरोबर होते. ड जीवनसत्त्व तेलातून मिळतं, आणि अतिनील किरण पडले की त्वचाही ते बनवते.

आपल्याकडे बाळाला तेल चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे. आज्यांचा मान राखूनही सांगायला हवं, की कोवळ्या उन्हात ऊब असते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण फारसे नसतात; ते ऊन चढल्यावर येतात. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व अगदी थोडं असतं. म्हणून पहिलं वर्षभर बाळाला रोज 400 युनिटचे थेंब द्यायचे.

इथवर सगळ्यांचं एकमत असतं. घोटाळा पुढे होतो.

ओपीडीत वारंवार दिसणारं एक चित्र. चार-पाच वर्षांचा मुलगा, पाय धनुकलीसारखे, चालताना डुलतो. आईच्या पिशवीत जाडजूड फाइल. तीन वर्षांत ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या कितीतरी पुड्या झाल्या, मोठ्या डोसची इंजेक्शनं झाली, पाय आहेत तिथेच. मनगटाचा फोटो काढला की हाडाचं टोक बशीसारखं खोलगट झालेलं आणि कडा दशा सुटलेल्या कापडासारख्या दिसतात. मुडदूस आहे यात शंका नाही. कॅल्शियम ठीक. फॉस्फरस 2.8, आणि शेजारी छापलेली मर्यादा 2.5 ते 4.5. आकड्यापुढे ना तारा, ना ठळक ठसा. ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे! पाच वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस चारच्या वर असायला हवा. 2.8 हाच त्याचा आजार आहे, आणि तो फाइलमध्ये तीन वर्षं 'नॉर्मल' म्हणून पडून आहे. अशा वेळी मान वर करून आईकडे पाहावं. पुष्कळदा तीही बुटकी असते, तिचेही पाय वाकलेले असतात, दातांच्या मुळाशी पू होऊन तिने दात गमावलेले असतात.

ड जीवनसत्त्वाला दाद न देणाऱ्या अशा मुडदुसाचं वर्णन अमेरिकेच्या फुलर अल्ब्राइट यांनी 1937 मध्येच केलं होतं. त्यामागचं जनुक 1995 मध्ये सापडलं आणि लघवीवाटे फॉस्फेट बाहेर टाकायला लावणारं एफजीएफ-23 हे संप्रेरक 2000 मध्ये ओळखू आलं. त्याला अडवणारं बुरोसुमॅब 2018 पासून परदेशात मिळतं. त्याची किंमत ऐकली की पालक गप्प होतात. पण फॉस्फेटचं औषध दिवसातून चार-पाच वेळा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, हा जुना उपचार आपल्या आवाक्यातला आहे. वाढीच्या वयात तो सुरू झाला तर पुष्कळ मुलांचे पाय शस्त्रक्रियेविना सुधारतात.

मोठ्यांच्या बाबतीत फॉस्फरस मागवलाच जात नाही. चाळिशीतला माणूस, बरगड्या आणि मांड्या दुखतात, उकिडवं बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. मणक्याचा एमआरआय होतो, संधिवाताच्या गोळ्या होतात, शेवटी 'मनाचं दुखणं' असा शिक्का बसतो. त्यातल्या एखाद्याच्या पायाच्या तळव्यात किंवा जबड्यात वाटाण्याएवढी गाठ असते आणि तीच हे एफजीएफ-23 ओतत असते. खास प्रकारच्या पेट स्कॅनने ती सापडते. पूर्ण काढली की काही दिवसांत फॉस्फरस वर येतो आणि व्हीलचेअरवर आलेला माणूस काही महिन्यांत चालू लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने अशा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. निवासी डॉक्टरांनी ते जरूर वाचावेत.

निदान उशिरा होण्याची किंमत अमेरिकेच्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाने मोजली. धिप्पाड गडी, पण हाडं मोडत गेली आणि उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली. पॅराथायरॉइडची गाठ असणार हे डॉक्टरांना उशिरा उमगलं. त्यांनी मान पुन्हा पुन्हा उघडली, गाठ सापडेना. कप्तान स्वतः वैद्यकीय पुस्तकं वाचत बसे आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरी. 1932 मध्ये सातव्या खेपेला ती छातीत सापडली. तोवर मूत्रपिंडं गेली होती. काही आठवड्यांतच तो वारला. अशा गाठीने वाढणाऱ्या कॅल्शियमची तपासणी आज कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते.

अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं की सगळे दचकतात. कमी असलं तर कुणी पाहत नाही. पाच वर्षांच्या आत मुळासकट पडलेले दुधाचे दात आणि कमी फॉस्फटेज दिसलं, तर हायपोफॉस्फटेशियाची शंका घ्यायला हवी. अशा आजाराच्या मोठ्या माणसाला ठिसूळ हाडं समजून बिसफॉस्फोनेट दिलं तर अपायच होतो. डेक्साचं यंत्रही डोळे मिटून मानण्यासारखं नाही. मुलांना टी-स्कोअर लागूच होत नाही, त्यांचा झेड-स्कोअर पाहायचा, तोही उंची लक्षात घेऊन. आणि चंद्रपूर, यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाचं हाड यंत्रात घट्ट दिसतं, म्हणून ते मजबूत असतंच असं नाही.

पुढच्या दोन दिवसांत जनुकीय चाचण्यांपासून नव्या औषधांपर्यंत पुष्कळ काही ऐकायला मिळेल. ते बोलायला या व्यासपीठावर अधिकारी माणसं बसली आहेत.

स्वागत समितीची विनंती एवढीच. नोंदणीच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. त्यावर फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांच्या वयानुसार मर्यादा छापल्या आहेत. जाताना प्रत्येकाने दोन प्रती घ्याव्यात, एक आपल्या टेबलाच्या काचेखाली आणि दुसरी आपण जिथे रक्त तपासायला पाठवतो त्या लॅबच्या भिंतीवर लावण्यासाठी.