पूर्वेकडे दार असलेलं संग्रहालय



अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर विंडो रॉक नावाचं छोटंसं गाव आहे. तांबड्या वालुकाश्माचा कडा आणि त्याला ऊन-वाऱ्यानं पाडलेलं भलंमोठं गोल भोक, ही त्या गावाची खूण. नावाहो लोकांची ही राजधानी. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात, म्हणजे नुसतं ‘माणसं’. त्यांचा मुलूख सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जरासा कमी.

इथलं नावाहो नेशन म्युझियम १९६१ साली सुरू झालं. आजची इमारत १९९७ची. तिचं दार पूर्वेला आहे, कारण नावाहोंच्या ‘होगान’चं दार पूर्वेलाच असतं. होगान म्हणजे ओंडके रचून, वर माती लिंपून केलेलं घर. होगानात शिरल्यावर उजवीकडे वळायचं नाही. सूर्य फिरतो तसं फिरायचं. प्रदक्षिणा घालणाऱ्या आपल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही!

संग्रहालयाशी जोडलेली एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, ती एका कागदाची. १८६४पासून अमेरिकी सैन्यानं हजारो नावाहोंना घरांतून हुसकून, शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला नेलं. तिथं पाणी खारट, पिकं बुडालेली. दोन हजारांहून जास्त माणसं दगावली. पुढं त्यांना आणखी लांब, आजच्या ओक्लाहोमाकडे धाडायचा विचार होता. बार्बोन्सितो हा त्यांचा पुढारी अडून बसला: जायचं तर आपल्याच डोंगरांत. १ जून १८६८ला तह झाला आणि माणसं घरी परतली. हाकलून दिलेल्या जमातीला तिची मूळ भूमी परत मिळाली, असं अमेरिकेच्या इतिहासात फार क्वचित घडलंय. त्या तहाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१८ साली, सरकारी दप्तरातली मूळ प्रत या संग्रहालयात मांडली गेली. लोक दूरदूरहून आले, पणजोबांच्या सुटकेचा कागद बघायला.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, उभ्या खडकांच्या कुशीत प्राणिसंग्रहालय आहे. सिंह-जिराफ शोधू नका. अस्वल, प्यूमा, एल्क, लांडगा, सगळे याच भूमीतले, बरेचसे जखमी किंवा पोरके म्हणून आणलेले. १९९९च्या सुमारास, प्राण्यांना कोंडणं देवांना रुचत नाही, अशी तक्रार पुढं आली आणि ते बंद करायचा हुकूम निघाला. पोरांनी गलका केला, म्हणून ते वाचलं. मला तक्रारही खोटी वाटत नाही आणि पोरंही. सोनेरी गरुडांची गळलेली पिसं इथं जमा करतात आणि विधींसाठी नावाहोंना देतात. म्हणजे पिसासाठी गरुड मारायला नको.

आणि नावाहो भाषा! दुसऱ्या महायुद्धात हिच्यावर बेतलेला सांकेतिक निरोप जपान्यांना फोडता आला नाही. पण शाळेत मात्र हीच भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. म्हणून संग्रहालयाचे संचालक मॅन्युएलितो व्हीलर यांनी एक वेगळाच उद्योग केला. २०१३ साली त्यांनी ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट नावाहोत आणला. पहिला खेळ विंडो रॉकला, उघड्या मैदानात. तीन वर्षांनी ‘फाइंडिंग निमो’सुद्धा नावाहो बोलू लागला. वाळवंटातल्या भाषेत समुद्रातला मासा!

विंडो रॉकला नभोवाणी केंद्रही आहे, केटीएनएन नावाचं. १९८६पासून ते नावाहोतून बोलतंय. तिकडं कधी गेलात तर गाडीतला रेडिओ ६६०वर लावा. शब्द कळणार नाहीत, पण घशात अडखळून पुढं सरकणारा तो आवाज ऐकत संग्रहालयाच्या दारापर्यंत जा. तिथून पुढं उजवी-डावीकडे वळायच्या आधी सूर्य कुठं आहे ते बघा.