पोरक्या मुलाच्या हाती पुस्तक द्या



घरात मृत्यू घडला म्हणजे समाचारास येणारी मंडळी वडीलधाऱ्यांशी बोलतात. कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते रडत नाही, म्हणून त्यास दुःख नाही, असे आपण समजतो. वस्तुतः त्याच्याजवळ दुःख असते, ते सांगावयास शब्द नसतात.

परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण आठवा. मातोश्री भीमाबाई निवर्तल्या तेव्हा ते अवघे पाच-सहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांस मायेने वाढविले. पुढे मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहू लागले. तेथे निवांतपणा कोठून मिळणार? शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची दृष्टी त्याजवर पडली. त्यांनी आपुलकीने विचारपूस केली, वाचावयास पुस्तके दिली आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या ग्रंथाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पिता रामजी सुभेदार तर विवाहित मुलींकडून उसने पैसे घेऊन, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवून, मुलास पुस्तके आणून देत.

पुस्तकाने गेलेली आई परत येत नाही. परंतु आपल्यासारखेच दुःख दुसऱ्यानेही सोसले आहे, हे मुलास त्यातून कळते आणि मनातल्या वेदनेस शब्द सापडतो. ग्रंथालयात त्यास कोणी "पोरका" म्हणून कीव करीत नाही. तेथे ते इतरांसारखेच एक वाचक असते. त्या दोन घटकांत त्याचे मन विसावते.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. घरचा कर्ता गेला तरी मुलाची शाळा सोडवू नका. जवळच्या ग्रंथालयात त्याचे नाव घाला. पहिल्या दिवशी स्वतः सोबत जा. पुस्तक त्याचे त्यास निवडू द्या. रात्री त्याच्याजवळ बसून काय वाचलेस, एवढेच विचारा. ते बोलले तर ऐका, न बोलले तर आग्रह धरू नका. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भोजनाचा खर्च थोडा कमी करून विहाराच्या कपाटात मुलांची चार पुस्तके ठेवा. केळूसकर गुरुजींनी एका मुलाची विचारपूस केली. आपल्या वस्तीतील अशा मुलाची विचारपूस आपण केली पाहिजे.

जय भीम!