सेंद्रिय शेतीत जमिनीचे आरोग्य कसे ओळखावे?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



रासायनिक खत बंद केले म्हणजे जमीन सुधारलीच, असे आपण धरून चालतो. हा समज महागात पडतो. शेणखतही पुरेसे पडले नाही तर पीक जमिनीतील साठ्यावरच जगते. दोन-तीन हंगाम बरे जातात, मग उत्पादन घटू लागते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून जमिनीचा जमाखर्च मांडा. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी ५ टन खतातून २५ किलो नत्र जाते आणि तेही सगळे पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. धान्य, कडबा, पऱ्हाट्या असे शेतातून काय बाहेर गेले ते वहीत लिहा. पऱ्हाट्या जाळल्या की कर्ब व नत्र हवेत जातात. त्या बारीक करून कुजवाव्यात. फेरपालटीत तूर, हरभरा यांसारखे द्विदल पीक ठेवावे.

आता घरची तपासणी. पावसाळ्यात वापसा असताना फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्या. गांडुळे मोजा, मुळे पाहा. मुळे एका थरावर आडवी वळली असतील तर खाली घट्ट थर आहे. असाच खड्डा बांधाकडेच्या न नांगरलेल्या गवतात घ्या आणि फरक पाहा. वाळलेले ढेकूळ अलगद पाण्यात सोडा. लगेच विरघळून बसले तर मातीची घडण कमकुवत आहे. पाणी बराच वेळ गढूळच राहिले तर जमीन चोपण होत असावी. सोडियम तपासून घ्या.

प्रयोगशाळेसाठी नमुना पीक काढल्यावर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. नागमोडी चालत १०-१५ ठिकाणांची २० सेंमी खोलीपर्यंतची माती मिसळून त्यातील अर्धा किलो पाठवावी. झाडाखालची, बांधाची व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. गांडुळे व पाण्याचा निचरा त्यात नाहीत. ती नोंद आपणच ठेवायची.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली असेल तर तो कमी समजावा. तो एका वर्षात वाढत नाही. म्हणून दर तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच शेताची तपासणी करा. कर्ब घटत असेल तर सेंद्रियचे प्रमाणपत्र भिंतीवर असूनही ती शेती टिकणारी नाही.