हैदराबाद क्रमांक बारा-अ : एका लढाऊ विमानाची सेवाकथा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, ते इतिहासाच्या तासाला एक प्रश्न हटकून विचारीत. धडा कोणत्याही राजाचा असो, किल्ल्याचा असो की कालव्याचा असो, तो संपला की ते पुस्तक मिटीत आणि म्हणत, “हे सगळे झाले खरे, पण पैसा कोणाचा?” आजचे माझे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे. विषय आहे एका विमानाचा. पैनगंगेच्या अलीकडच्या कापूस-ज्वारीच्या या मुलखाशी विमानाचा काय संबंध, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती शेवटी फिटेल अशी मला आशा आहे.

लंडनच्या उत्तरेस हेंडन येथे ब्रिटिश हवाई दलाचे वस्तुसंग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील एक द्विपंखी विमान जपून ठेवलेले आहे. द्विपंखी म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले. त्या काळी विमानाचा सांगाडा लाकडाचा असे, त्यावर कापड ताणून बसवीत आणि वरचा व खालचा पंख लाकडी खांबांनी व तारांनी एकमेकांस जखडीत. एका लांब पंखापेक्षा असे दोन आखूड पंख अधिक मजबूत ठरत. या विमानाचा प्रकार ‘डी. एच. ९ ए’ आणि त्याचा सैनिकी क्रमांक ‘एफ १०१०’. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याच्या अंगावर रंगविलेला मजकूर. हे विमान हैदराबादच्या निजामांनी अर्पण केले असून ते ‘हैदराबाद क्रमांक बारा-अ’ आहे, असे तेथे इंग्रजीत लिहिलेले आहे.

१९१८ साली आपला हा सारा परिसर हैदराबाद संस्थानात होता. आदिलाबाद हे तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. जिल्हा आसिफाबादचा होता. गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. महायुद्धात त्यांनी इंग्रज सरकारला सढळ हाताने द्रव्यसाहाय्य केले. त्या साहाय्यातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मूळ विमाने आली, आणि म्हणूनच त्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव कायमचे जोडले गेले.

या विमानाचा आराखडा जेफ्री डी हॅविलँड यांच्या हाताखाली तयार झालेल्या मालिकेतला. आधीचे ‘डी. एच. ९’ इंजिनाच्या दुबळेपणामुळे बदनाम झाले होते. म्हणून नव्या नमुन्यात सुमारे ४०० अश्वशक्तीचे, १२ सिलिंडरांचे ‘लिबर्टी’ हे अमेरिकन इंजिन बसविण्यात आले. पंखांचा पसारा सुमारे ४६ फूट; पुढे वैमानिक आणि त्याच्या पाठीमागे निरीक्षक. बसण्याची जागा उघडी. आपले हे ‘बारा-अ’ इंग्लंडमधील येओव्हिल येथे वेस्टलँडच्या कारखान्यात तयार झाले.

१९१८ च्या सप्टेंबरच्या आरंभी ही स्क्वाड्रन फ्रान्समध्ये दाखल झाली. जनरल ट्रेंचर्ड यांच्या हाताखाली एक स्वतंत्र हवाई फौज उभारली गेली होती. रणांगणावरील खंदकांऐवजी थेट जर्मनीतील कारखाने, रेल्वे आणि विमानतळ यांवर बाँब टाकणे हे तिचे काम. दिवसाउजेडी, लढाऊ विमानांच्या संरक्षणावाचून लांबवर जायचे आणि परत यायचे. सप्टेंबरच्या मध्यावर मोहिमा सुरू झाल्या. महिना संपण्यापूर्वी फ्रँकफुर्टवर हल्ला झाला. हानी मोठी होती. शत्रूच्या गोळीबारात विमाने पडलीच, पण अपघातांत मोडलेल्यांची संख्या त्याहून अधिक होती.

५ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅप्टन इंग्लिस आणि त्यांचे निरीक्षक बॉडली हे ‘बारा-अ’ घेऊन कायझर्सलाउटर्नच्या रोखाने गेले आणि परतले नाहीत. विमान शत्रूच्या मुलखात उतरले. दोघे युद्धकैदी झाले. या विमानाची लढाऊ सेवा अशी जेमतेम महिनाभराची. सदतीस दिवसांनी युद्धच संपले.

पुढची कथा अधिक विलक्षण आहे. जर्मनांनी हे विमान विजयचिन्ह म्हणून ठेवून घेतले. बर्लिनच्या विमान-संग्रहालयात ते मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा तेथील काही विमाने पूर्वेकडे हलविण्यात आली. त्यांत हेही होते. युद्धानंतर ते पोलंडच्या हाती राहिले आणि क्राकाव येथील संग्रहालयात पोहोचले. १९७७ साली इंग्रजांनी एक ‘स्पिटफायर’ विमान बदल्यात देऊन ते परत मिळविले, त्याची दुरुस्ती केली, आणि हैदराबादचे नाव पुन्हा त्याच्या अंगावर झळकले. लाकूड आणि कापड यांचे ते यंत्र चार देशांतून फिरले. पण त्याची नोंद कोठेही फारशी तुटली नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. पैसा कोणाचा?

विमान युद्धात येण्याचे एक वेगळे उदाहरण आधी सांगतो, म्हणजे तुलना स्पष्ट होईल. याच डी हॅविलँड यांनी युद्धानंतर शांततेच्या कामासाठी द्विपंखी विमाने काढली. ‘मॉथ’ जातीची छोटी विमाने फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांच्या हाती आली, तर ‘ड्रॅगन रॅपिड’सारखी मोठी विमाने उतारू आणि टपाल नेऊ लागली. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि सरकारने ही नागरी विमाने ताब्यात घेण्यास सुरुवात केली. हिंदुस्थानात मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम या बंदरांसाठी किनारा-संरक्षणाच्या हवाई तुकड्या उभारल्या. त्यांना जुनी सैनिकी विमाने पुरेनात, म्हणून नागरी विमाने देण्यात आली. काल प्रवासी नेणारे विमान आज समुद्रावर पाणबुड्या शोधीत फिरू लागले. हैदराबादेस बेगमपेठच्या मैदानावरही ‘टायगर मॉथ’ या द्विपंखी विमानांतून लष्करी वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण चालले. आदिलाबादेस निजामी अमदानीत झालेले विमानाचे मैदान तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे.

या ताबा घेण्याला कायद्याच्या भाषेत अधिग्रहण म्हणतात. त्याची एक रीत असते. विमानाची नागरी नोंदणीची अक्षरे पुसली जातात, त्यावर सैनिकी क्रमांक चढतो. पण मालक कोण होता हे कागदावर राहते. त्याला पावती मिळते, भरपाई मागण्याचा हक्क असतो, आणि विमान वाचलेच तर ते परत मागता येते.

निजामांच्या विमानाला आपण ‘भेट’ म्हणतो. मात्र राज्यकर्त्याने दिलेली भेट रयतेच्या बाजूने पाहिली तर काय दिसते? संस्थानाचा खजिना मुख्यत्वे जमीन-महसुलावर भरत असे. निजामांची खासगी जहागीर, जिला सर्फ-ए-खास म्हणत, तिचे उत्पन्नही अखेर कुळांच्या घामातूनच येई. कापूस वेचणाऱ्या हातांनी जे भरले, त्यातून येओव्हिलच्या विमानावर नाव चढले. रयतेच्या दृष्टीने हेही अधिग्रहणच होते. फरक एवढाच की येथे पावती नव्हती, भरपाई नव्हती, आणि मालकाची नोंदही नव्हती.

आणि तो काळ कोणता होता? १९१८ चा पावसाळा दख्खनमध्ये फसला होता. युद्धामुळे धान्य आणि कापड महागले होते. त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची, आपल्या लोकांच्या तोंडी ‘मानमोडी’ची, दुसरी लाट देशभर पसरली. हिंदुस्थानात त्या साथीने कोटीहून अधिक माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ‘बारा-अ’ पडले ती तारीख ५ ऑक्टोबर. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईत मोजणारे तरी होते. संस्थानातल्या खेड्यापाड्यांत, गोंडांच्या गुड्यांवर, मोजणार कोण? विमानाच्या दोन स्वारांची नावे आज शंभर वर्षांनंतरही आपण घेऊ शकतो. त्याच आठवड्यात पैनगंगेच्या काठी ज्यांच्या चिता जळल्या, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

हे मी कोणा एका राजाला दोष देण्यासाठी सांगत नाही. उस्मानिया विद्यापीठाची स्थापनाही त्याच १९१८ सालची आणि त्याच खजिन्यातली. एकाच महसुलातून विद्यापीठही उभे राहते आणि बाँब टाकणारे विमानही. म्हणूनच, पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविण्याचा हक्क तो भरणाऱ्याला असला पाहिजे. तो हक्क तेव्हा आपल्या वाडवडिलांना नव्हता. १९४८ नंतर तो हळूहळू आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेला आंध्र प्रदेशात गेले, २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा बदलल्या, भाषा घरात मराठीच राहिली, आणि मताचा अधिकारही राहिला. त्याची किंमत त्या विमानाकडे पाहिल्यावर कळते.

दुसरी गोष्ट नोंदीची. परकीयांनी एका मोडक्या विमानाचा माग साठ वर्षे सोडला नाही, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. एखादी वस्तू इतिहासात टिकते ती तिच्या मोठेपणामुळे नव्हे. कोणीतरी लिहून ठेवले म्हणून टिकते. आपल्या घराघरांत जुन्या महसुलाच्या पावत्या, उर्दू-मोडीतले कागद, आजी-आजोबांनी सांगितलेल्या मानमोडीच्या गोष्टी आहेत. वाळवी त्यांची वाट पाहत आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ते कागद शाळेत आणावेत, उर्दू आणि मोडी वाचणारे जे थोडे लोक उरले आहेत त्यांच्याकडून ते वाचून घ्यावेत, आणि गावागणिक एक वही करावी. शाळेच्या कपाटात अशी एक वही राहिली तर गुरुजींचे स्मारक त्याहून चांगले कोणते?

हेंडनच्या त्या विमानावर निजामांचे नाव आहे, ते तेथे राहो. त्याखालचे जे नाव कोणी लिहिले नाही, ते लिहिणे आपल्याकडे आहे.