रंगशाळांचें खारें पाणी

आपल्या घरांतील रंगीत सुती गंजिफ्राक तामिळनाडूंतील तिरुप्पूरला विणलेला व रंगविलेला असण्याचा बराच संभव आहे. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या हौदांत मीठ घालावें लागतें, आणि तें चिमूटभर नव्हे, पोत्यांनीं. रंग बराचसा कापडांत शिरतो; मीठ मात्र जवळजवळ सारें पाण्यांतच राहतें. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचा बोभाटा होतो. खरा उपद्रव या न दिसणाऱ्या मिठाचा.

हें पाणी पुष्कळ वर्षें नोय्यल नदींत सुटत होतें. शेतीसाठीं खालच्या अंगास ओरत्तुपाळयम येथें धरण बांधलें, तें १९९२ सालीं पुरें झालें. पण थोड्याच वर्षांत त्यांत साठलें तें रंगशाळांचें खारें पाणी. धरण शेतकऱ्यांसाठीं, आणि त्याच्या पाण्याला शेतकरीच भितात, अशी चमत्कारिक स्थिति झाली. ते न्यायालयांत गेले. रंगशाळांनीं एक थेंबही बाहेर सोडूं नये, असें मद्रास उच्च न्यायालयानें २००६ सालीं फर्माविलें. आणि तें पाळलें जात नाहीं असें पाहून जानेवारी २०११ मध्यें त्या बंद करविल्या. नदी वाचावी हें खरें, पण मजुरांची चूल त्या दिवशीं विझली, हेंहि तितकेंच खरें.

आतां हें साधतें कसें? प्रथम जिवाणूंकडून पाण्यांतील मळ खाववितात. मग अतिसूक्ष्म रंध्रांच्या पडद्यावर तें मोठ्या दाबानें लोटतात; शुद्ध पाणी पलीकडे जाऊन पुन्हां कामास येतें, मीठ अलीकडे राहतें. येथवर काम सोपें. अलीकडे उरलेलें दाट खारें पाणी आटवावें लागतें. बासुंदी आटवितांना जळण किती लागतें हें श्रोत्या भगिनींना सांगावयास नको. येथें तर हौदचे हौद आटवावयाचे! एका भांड्याची वाफ दुसऱ्यास तापविते, तरीहि खर्च फारच. म्हणून तिरुप्पूरला एक युक्ति अवलंबिली गेली: खारें पाणी सगळेंच न आटवितां, शुद्ध करून पुन्हां रंगाच्या हौदांत घ्यावयाचें; तेथें नाहींतरी मीठ हवेंच असतें.

अखेरीस जें मिश्र मीठ उरतें, त्याला गिऱ्हाईक नाहीं. तें पोत्यांत भरून छपराखालीं रचून ठेवावें लागतें. पावसाची एक सर त्यावर पडली कीं तें पुन्हां निघालेंच नदीकडे.