द्रव्याचा जमाखर्च

पदार्थ जळाला म्हणजे तो संपला, असा सामान्य समज असतो. रसायनशास्त्राचा निर्वाळा याच्या उलट आहे. रासायनिक क्रियेनें द्रव्याचें रूप पालटतें. एकंदर वजन तेवढेंच राहतें. आज शाळेंतील मुलांच्याहि तोंडीं असलेला हा सिद्धान्त प्रस्थापित होण्यास अठरावें शतक सरत यावें लागलें.

कथील तापविलें असतां त्याचें पांढरें भस्म होतें व तें मूळ धातूपेक्षां जड भरतें. हें जास्तीचें वजन येतें कोठून? अग्नीचे कण काचेंतून आंत शिरत असावेत, असा तर्क रॉबर्ट बॉइल यानें १६७३ सालीं मांडला. त्यानें पात्र उघडल्यानंतर तोललें होतें. पॅरिस येथील आंत्वान लव्हॉइझिए यानें १७७४ मध्यें तेंच पात्र बंद असतांनाच तोलून पाहिलें. तापविण्यापूर्वींचें व नंतरचें वजन एकच भरलें! पात्र उघडतांच बाहेरची हवा आंत घुसली, आणि वजन वाढलें तें तेव्हां. अर्थात् कथिलानें पात्रांतील हवेचाच एक भाग शोषून घेतला होता. त्या भागास पुढें प्राणवायु हें नांव मिळालें. द्रव्य उत्पन्न होत नाहीं व नष्टहि होत नाहीं, हें तत्त्व लव्हॉइझिएनें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत स्पष्ट शब्दांत मांडलें. पुढें पांचच वर्षांनीं, ८ मे १७९४ रोजीं, सरकारी करवसुलीच्या मक्त्यांतील भागीदार म्हणून क्रांतिकारकांनीं त्याचा शिरच्छेद केला.

कथील व प्राणवायु एकत्र येतात, हा संयोग. मोरचुदाच्या पाण्यांत लोखंडी खिळा ठेवला असतां लोखंड विरघळतें व खिळ्यावर तांबें बसतें, हें प्रतिस्थापन. भट्टींत चुनखडी भाजली म्हणजे तिचे दोन पदार्थ होतात, हें विघटन. हिशेब मात्र सर्वत्र एकच. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायॉक्साइड वायूच्या रूपानें हवेंत जातात. कळीचा चुना १८ किलो पाणी घेऊन विरतो व ७४ किलो होतो. भिंतीवरील गिलाव्यांत तो हळूहळू हवेंतील ४४ किलो वायु परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हां १०० किलो चुनखडी होतो.

कोळशाचा जमाखर्च मात्र असा सहजासहजीं मिटत नाहीं. १२ किलो कार्बन जळतांना ३२ किलो प्राणवायु घेतो व ४४ किलो वायु धुराड्यांतून बाहेर पडतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. धूर विरला म्हणजे कोळसा संपला, असें मानणाऱ्यास हा आंकडा विचार करावयास लावील. लव्हॉइझिएचें पात्र काचेचें होतें. पृथ्वीभोंवतींचें वातावरण हेंहि जवळजवळ तसेंच एक बंद पात्र आहे, आणि त्यांतील वजन कोठेंतरी भरतेंच.