गॅसवर घातलेली मोटार आणि विसरलेला घसारा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेले. व्याख्यान द्यावे इतकी विद्वत्ता आमच्या गाठी नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत ज्ञातीतील अनेक घरांतून एकच प्रश्न आमच्याकडे आला. "गाडी गॅसवर घातल्यापासून इंजिन त्रास देते. आता काय करावे?" आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित आहोत म्हणून हा प्रश्न आम्हांस कोणी विचारीत नाही. बोरघाटात आमच्यावर जो प्रसंग गुदरला, त्याची वार्ता षट्कर्णी झाली, म्हणून विचारतात. दुधाने पोळलेल्या माणसालाच ताकाविषयी विचारावे, असा हा न्याय आहे. तेव्हा तो प्रसंग आणि त्यातून आम्हांस झालेला बोध आपणांपुढे ठेवावा, एवढाच आजचा हेतू.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. गॅसवर मोटार चालविणे हे काही आजकालचे खूळ नव्हे. इटलीमध्ये १९३० नंतरच्या दशकातच नैसर्गिक वायूवर मोटारी धावू लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा आपल्याही देशात कोळशाची भट्टी पाठीशी बांधून तिच्या गॅसवर बसगाड्या चालत, हे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात 'बॉम्बे हाय' येथे तेल व वायू सापडला. १९९५ साली मुंबईत महानगर गॅस कंपनीची स्थापना झाली. आणि पुढे शहरातील टॅक्सी व रिक्षा हळूहळू सी.एन.जी.वर आल्या. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली शहरातील साऱ्या बसगाड्या या वायूवर आणण्याचा आदेश दिला. धूर कमी, खर्च कमी आणि वायू बराचसा आपल्याच भूमीतला, असे तिहेरी हित त्यात आहे. ज्या इंधनावर लाखो टॅक्सी व रिक्षावाले आपला संसार चालवितात, ते इंधन मुळातच इंजिनाचे वैरी असते, तर ही मंडळी केव्हाच त्यापासून परावृत्त झाली असती.

आता आमची कथा. आमची मोटार सहा वर्षांची, पेट्रोलची, प्रकृतीने निकोप. ठाण्याहून रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून दोनदा पुण्यास वडीलबंधूंकडे फेरी, असा तिचा नित्यक्रम होता. पेट्रोलचा खर्च डोईजड झाला, तेव्हा आम्ही कागदावर हिशेब मांडला. किट बसविण्याचा खर्च इतका, महिन्याची बचत इतकी, म्हणजे दीड वर्षात किट फुकट आणि त्यापुढे निव्वळ नफा! हिशेबात बेरजेची चूक नव्हती. तथापि त्यात एक रकानाच नव्हता, हे पुढे कळले. एका कारखान्यात आम्ही किट बसवून घेतले. मालकाने गाडी हाती देताना "आता बघायला नको" असे आश्वासन दिले आणि आम्हीही ते अक्षरशः पाळले. पुढे वर्षभर आम्ही काहीच बघितले नाही.

पहिले वर्ष सुखाने गेले. चढावर गाडी किंचित मंद वाटे. परंतु तो दोष नव्हे, गुणधर्म होय. वायू हवेबरोबर इंजिनात शिरताना हवेचीच थोडी जागा अडवितो, त्यामुळे पेट्रोलच्या मानाने सुमारे दहा टक्के जोर कमी पडतो. एवढ्यावरून कोणी घाबरू नये. पण चौदाव्या महिन्यापासून निराळी लक्षणे दिसू लागली. सकाळी गाडी चालू होण्यास वेळ लागे. सिग्नलपाशी उभी असता इंजिन थरथरे. चढावर मध्येच झटके देई, ज्याला मिस्त्री लोक 'मिसिंग' म्हणतात. समोरच्या तबकडीत इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. आम्ही कारखान्यात गेलो. तेथील मुलाने "गॅसवर असं होतंच" असे सांगून यंत्र लावून दिवा विझविला. दिवा विझला म्हणजे रोग गेला, असे आम्ही मानले. हिशेबनिसाने चुकीची नोंद खोडून रबराने कागद स्वच्छ करावा, त्यातलाच हा प्रकार!

त्या सुमारास आमच्या वडीलबंधूंच्या हृदयावर पुण्यास शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. त्यांच्या पूर्वीच्या सर्व तपासण्यांचे कागद आमच्यापाशी होते. सकाळी सातला ते डॉक्टरांच्या हाती पडावयाचे, म्हणून रात्री अकराच्या पुढे आम्ही व आमच्या सौ. ठाण्याहून निघालो. बोरघाटाची चढण लागली आणि इंजिन गुदमरू लागले. थोड्याच वेळात गाडीने आपण होऊन गॅस बंद केला आणि ती पेट्रोलवर गेली. आणि पेट्रोलवर जाताच पूर्णपणे बंद पडली. बाहेर काळोख, वर पाऊस, शेजारून मालमोटारी गर्जत चाललेल्या, आणि आमच्या सौ. मांडीवर ती कागदांची पिशवी घट्ट धरून बसलेल्या! ते दोन तास आम्ही जन्मात विसरणार नाही. अखेर एका मालमोटारवाल्याने दया केली, मिस्त्रीस निरोप गेला आणि टोचन लावून गाडी खोपोलीस उतरली, तेव्हा पहाट झाली होती.

मिस्त्री वयस्क होता. त्याने बॉनेट उघडले आणि बोट दाखविले. इंजिन तापून वाफाळत होते. परंतु त्याच्या शेजारीच गॅसच्या रिड्युसरवर चक्क हिमाचा पांढरा थर बसलेला! आम्ही "या गॅसनेच घात केला," असे म्हणालो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गॅसचा काय दोष? यातलं पाणी तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?" आम्ही निरुत्तर झालो.

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र सामावले होते, हे पुढे त्याने व पुण्याच्या मिस्त्रीने समजावून दिले तेव्हा उमगले. टाकीत वायू सुमारे दोनशे बार दाबाखाली असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ शंभरपट. तो दाब रिड्युसरमध्ये उतरविला जातो. दाब उतरताना वायू प्रसरण पावतो आणि अतिशय थंड होतो. रिड्युसर गोठू नये म्हणून इंजिनाचे गरम पाणी, म्हणजे ज्याला कूलंट म्हणतात ते, दोन रबरी नळ्यांनी त्याच्याभोवती फिरविलेले असते. आमच्या गाडीत किट बसविताना जोडलेल्या त्या नळीचा सांधा थेंब थेंब गळत होता. पाणी उतरत गेले आणि घाटात गॅसची मागणी वाढताच रिड्युसर गोठला. इकडे इंजिन तापले, तिकडे रिड्युसर गारठला. कारण एकच.

मग पेट्रोलवर गाडी का चालली नाही? तो तर निखालस आमचाच कृपणपणा. टाकीत पेट्रोल कशास भरावे, म्हणून काटा नेहमी तळाला. आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच तो थंड राहतो. तो महिनोन् महिने कोरडा राहिला आणि ऐन वेळी निकामी झाला. म्हणजे दोन इंधनांची गाडी म्हणून आम्ही मिरवीत होतो, ती वस्तुतः एकाच इंधनाची झाली होती!

पुण्यास इंजिन तपासले तेव्हा आणखी दोन गोष्टी निघाल्या. पहिली ठिणगीची. मिथेन पेट घेण्यास पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागते आणि ठिणगीलाही अधिक जोर लागतो. पेट्रोलवर जे प्लग आणखी सहा महिने रेटले असते, ते गॅसवर हात टेकतात. प्लगची फट झिजून वाढली, कॉइल किंवा वायर अशक्त झाली, की 'मिसिंग' सुरू होते. जुन्या पद्धतीच्या, हवेच्या तोंडाशी गॅस मिसळणाऱ्या किटमध्ये तर न जळलेला वायू उलटा पेटून एअर फिल्टरचा डबा फाटावा, असा 'बॅकफायर' होतो. म्हणून गॅसच्या गाडीत प्लग लवकर बदलावे आणि फट किंचित कमी ठेवावी. पुष्कळ मिस्त्री ती ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवतात, मात्र आपल्या गाडीच्या पुस्तकातील सूचना प्रमाण मानावी.

दुसरी गोष्ट अधिक खर्चाची, ती वॉल्व्हची. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा आपल्या बैठकीवर आपटतो. पेट्रोलचे ओले तुषार वॉल्व्हला काहीसा गारवा व काहीसा ओलावा देतात. वायू मात्र कोरडा. कारखान्यातूनच गॅससाठी घडविलेल्या इंजिनात म्हणून बैठका अधिक कठीण धातूच्या असतात. आपल्या जुन्या पेट्रोल गाडीत त्या तशा असतीलच असे नाही. बैठक हळूहळू खचते, वॉल्व्ह आत जातो, टॅपेटची फट कमी होत होत नाहीशी होते आणि वॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. मग तेथून तप्त वायू निसटतो, कडा जळते आणि कॉम्प्रेशन जाते. सकाळी गाडी चालू न होणे व उभी असता थरथरणे, ही त्याची पूर्वसूचना. खेदाची गोष्ट ही, की टॅपेट आवळले गेले म्हणजे आवाज उलट कमी होतो, आणि भाबडा मालक "इंजिन किती शांत झाले!" म्हणून संतोष पावतो. आम्हीही तसा तो पावलो होतो. अखेर इंजिनाचे हेड उतरवावे लागले आणि वर्षाच्या बचतीतील बहुतेक रक्कम त्यात गेली. वेळीच टॅपेट तपासले असते, तर हे काम एका सकाळचे होते.

तो पिवळा दिवादेखील खोटे बोलत नव्हता. गाडीचा मूळ संगणक हवा व इंधन यांचे प्रमाण सतत तपासतो. किटची जुळणी बिघडून मिश्रण पातळ झाले, फिल्टर तुंबला किंवा ठिणगी चुकली, म्हणजे तो दिवा लावून हाका मारतो. दिवा विझविण्यापूर्वी तो का लागला हे यंत्रावर वाचून घ्यावे, आणि किटची जुळणी गाडी प्रत्यक्ष चालवून करून घ्यावी.

ज्ञातिबंधूंनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे. किट बसविण्यापूर्वी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आजारी इंजिन गॅसवर घालू नये. किट मान्यताप्राप्त घ्यावे, आर.टी.ओ.च्या पुस्तकात नोंद करावी आणि विमा कंपनीस कळवावे. आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असता, कूलंट पाहावे. एअर फिल्टर, गॅसचा फिल्टर व प्लग वेळेवर बदलावेत, आणि टॅपेटची तपासणी पुस्तकात सांगितल्याहून लवकर करावी. पेट्रोलची टाकी पाव भरलेली ठेवावी आणि रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालावे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी कायद्याने आवश्यक आहे. तीत हयगय करणे म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळणे होय. वास आला तर काचा उघडाव्यात, इंजिन थांबवावे, टाकीचा वॉल्व्ह बंद करावा आणि साबणाच्या पाण्याने सांधे तपासून घेतल्यावाचून गाडी चालवू नये.

आता कथेचा शेवट सांगून आपली रजा घेतो. आम्ही भाड्याच्या गाडीने पुण्यास पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. कागदांवाचून शस्त्रक्रिया खोळंबली होती आणि ती दुपारवर गेली. ईश्वरकृपेने सारे सुरळीत पार पडले. आठ दिवसांनी बंधूंना सर्व हकीकत सांगितली, तेव्हा ते क्षीण स्वरात हसून म्हणाले, "जन्मभर तू लोकांच्या वह्यांत घसारा धरला नाही म्हणून शेरे मारलेस. स्वतःच्या गाडीचा घसारा कुठे लिहिला होतास रे?"

आमच्या हिशेबात जो रकाना नव्हता, तो हाच. गॅसने वाचलेला सगळा पैसा नफा नसतो. त्यातील काही भाग इंजिनाचे देणे असते. ते महिन्याच्या महिन्याला बाजूस काढून ठेवले तर गॅसची गाडी पुष्कळ वर्षे सेवा करील. आम्ही नवी टॅपेट, नवा पंप आणि नवी नळी घालून तीच गाडी आजही गॅसवरच चालवितो, आणि वहीत आता एक निराळे खाते आहे. ज्या घरांत अशी गाडी असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर प्रथम बॉनेट उघडून पाणी पाहावे, एवढेच मागणे मागून हे भाषण आम्ही संपवितो.